परत कधी येणार, आक्का?

जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून मी आक्कांना विचारलं, "आक्का, याआधी तुमचं दुसरं कुठलं नाव होतं का?"

आक्का आमच्या शेजारच्या मळ्यात राहतात. वय तेव्हा ७०, शाळा चौथीपर्यंत. धाकट्या लेकीचं पहिलं बाळंतपण न्यू जर्सीत व्हायचं होतं आणि आम्ही अमेरिकेच्या व्हिसाचा अर्ज भरत होतो. त्यांनी पदर सावरला, दाराकडं एकदा बघितलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "व्हतं की. लग्नात बदललं. आता कशाला हवंय ते?"

१९७१ साली त्यांचं लग्न झालं. ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं नवं नाव लिहिलं आणि आईबापांनी ठेवलेलं नाव माहेरी राहिलं. रेशनकार्ड, मतदार यादी, सातबारा, सगळीकडं सासरचं नाव. माहेरचं नाव फक्त एकाच कागदावर उरलेलं, शाळेच्या दाखल्यावर. मधल्या ५३ वर्षांत ते त्यांना कुणी विचारलं नव्हतं. विचारलं ते या अर्जानं.

मी ३४ वर्षं कराडला दुय्यम निबंधक कार्यालयात कारकून होते. खरेदीखतं, बक्षीसपत्रं, हक्कसोडपत्रं यांत आयुष्य गेलं. एका अक्षरानं नाव चुकलं तर माणसाला किती खेटे घालावे लागतात, हे मी रोज बघितलं आहे. निवृत्तीनंतर माझ्या लेकाकडं जायला मी स्वतःचा अर्ज भरला, मग जावेचा, आणि आता आसपासची मंडळी कागद घेऊन माझ्याकडं येतात. मी पैसे घेत नाही. पण प्रत्येकाला दोन-तीन संध्याकाळी बसवते, कारण हा अर्ज घाईचा नाही.

डीएस-१६० असं त्याचं नाव. तो ऑनलाइनच भरायचा. वीस मिनिटं काही हालचाल झाली नाही तर पान बंद होतं, म्हणून अर्जाचा 'एए'नं सुरू होणारा क्रमांक सगळ्यात आधी वहीत लिहून ठेवावा. उत्तरं इंग्रजी अक्षरांत. अपवाद एका रकान्याचा, तिथं आपलं पूर्ण नाव आपल्या लिपीत विचारलेलं असतं. आक्कांचं नाव मी देवनागरीत टंकलं, तेव्हा त्या पहिल्यांदा स्क्रीनच्या जवळ सरकल्या.

नावापाशीच आपल्याकडं सर्वांत जास्त घोळ होतात. पासपोर्टमध्ये आडनावाचा रकाना वेगळा आणि दिलेल्या नावाचा वेगळा. आपल्या पद्धतीनं स्वतःचं नाव आणि वडलांचं किंवा नवऱ्याचं नाव दिलेल्या नावात येतं, आडनाव आडनावात. पण गावाकडच्या कित्येक पासपोर्टांत तिन्ही नावं एकाच रकान्यात कोंबलेली असतात आणि आडनावाची जागा रिकामी. अशा वेळी अमेरिकेच्या व्हिसावर ती सगळी नावं आडनाव म्हणून पडतात आणि पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' ही तीन अक्षरं येतात, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही. ज्या बाईला गाव नावानं ओळखतं, तिच्या व्हिसावर हे येणं मला पटत नाही. म्हणून सांगते, व्हिसाच्या आधी पासपोर्ट उघडून बघा आणि तिथंच दुरुस्ती करून घ्या. आधारवरचं, बँकेतलं स्पेलिंग वेगळं असलं तरी अर्जात पासपोर्टमधलंच, अक्षराला अक्षर.

आणि माहेरचं नाव लपवायचं नाही. प्रश्न स्पष्ट आहे: लग्नाआधीचं, धार्मिक, व्यावसायिक, कुठलंही दुसरं नाव वापरलंय का? कुसुमची मंगल झाली असेल, तर दोन्ही लिहायची. आक्कांचं मी 'हो' केलं आणि ते नाव भरलं.

जन्मतारीख १ जून १९५३. खरी कुणालाच ठाऊक नाही, मास्तरांनी शाळेत घालताना लावून दिलेली. त्या पिढीत १ जूनला जन्मलेली माणसं गावोगाव आहेत. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पासपोर्टवर आहे तीच लिहायची. आईवडलांची जन्मतारीख विचारतात, तिथं 'माहीत नाही' असा पर्याय असतो. अंदाजानं आकडे ठोकू नका. गेल्या पाच वर्षांत वापरलेली समाजमाध्यमांवरची खाती २०१९ पासून विचारतात, तीही खरी द्यायची. तुम्ही कुठल्या कुळाचे किंवा जमातीचे आहात का, असाही एक प्रश्न आहे. तो वाचून लोक जात आणि गोत्र सांगायला लागतात. ते तिथं विचारलेलं नाही. पुढं दहशतवादापासून वेश्याव्यवसायापर्यंतचे प्रश्न येतात. आक्कांना मी प्रत्येक प्रश्न मराठीत वाचून दाखवला, कारण अर्जाखाली सही त्यांची आहे. दुसऱ्यानं भरला म्हणून जबाबदारी टळत नाही.

आता मुख्य गोष्ट. अमेरिकेचा स्थलांतराचा कायदा १९५२ चा. त्यातलं २१४(ब) हे कलम असं सांगतं की, पाहुणा म्हणून येऊ मागणारा माणूस तिथं कायमचं राहायलाच निघाला आहे, असं अधिकाऱ्यानं गृहीत धरायचं. तसं नाही, हे पटवून देण्याची जबाबदारी अर्जदाराची. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते लागलं. आयुष्यभर कुणाचा रुपाया न बुडवलेल्या माणसाकडं आधीच संशयानं बघायचं! पण कायदा तसा आहे आणि तो समजून घेतला की मुलाखतीचं कोडं सुटतं. त्या खिडकीत विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाच्या पोटात एकच प्रश्न असतो: तुम्ही परत येणार ना?

तिथं भेटायला चाललेल्या आपल्या माणसांजवळ या प्रश्नाचं उत्तर भरपूर असतं. दावणीची म्हैस, वाट्याचं पाणी, पेन्शन, आजारी नवरा, धाकट्याचं अर्धवट घर, आषाढीची वारी. पण शिकवलेल्या उत्तरांखाली ते दडपून जातं.

माझ्या नणंदेचं असंच झालं. लेकीच्या बाळंतपणाला निघाली होती. एका एजंटानं तिला पढवलं, बाळंतपणाचं नाव काढायचं नाही, फिरायला चाललेय म्हणायचं, नायगारा आणि डिस्नेलँड. खिडकीतल्या अधिकाऱ्यानं विचारलं, आधी कुठं उतरणार, कुठली ठिकाणं कुठल्या राज्यात आहेत, सोबत कोण आहे? ती गडबडली. दोन मिनिटांत पासपोर्ट परत आणि हातात २१४(ब)चा कागद. त्या निर्णयावर अपील नसतं. पुन्हा अर्ज करता येतो, पण फी पुन्हा भरावी लागते. पाहुण्याच्या व्हिसाची फी जून २०२३ पासून १८५ डॉलर आहे आणि नकार आला तरी ती परत मिळत नाही. पुढच्या वर्षी तिनं खरं सांगितलं आणि व्हिसा मिळाला. तोवर नातू चालायला लागला होता. त्या एजंटाचा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही. कारण नुसत्या नकारावर निभावलं हे तिचं नशीब. जाणूनबुजून महत्त्वाची गोष्ट खोटी सांगितल्याचं ठरलं, तर त्या कायद्यानं माणूस कायमचा अपात्र होतो.

लेकीच्या बाळंतपणाला आईनं जाणं ही लपवायची गोष्ट नाही. पगार घेऊन कुणाचं मूल सांभाळायला जाणं वेगळं. ते काम झालं, आणि पाहुण्याच्या व्हिसावर काम करता येत नाही.

आणखी एक गैरसमज. तिकडून मुलांनी पाठवलेलं निमंत्रणपत्र, त्यांची पगारपत्रकं, खर्चाची हमी, यांच्या जाड फायली घेऊन लोक जातात. अमेरिकेचं परराष्ट्र खातंच सांगतं की पाहुण्याच्या व्हिसाला निमंत्रणपत्र लागत नाही. मुलगा किती कमावतो यापेक्षा तुमचं इथं काय आहे, याला वजन आहे. कागद जवळ असू द्या, पण ते न उघडताच मुलाखत संपू शकते. विमानाचं तिकीट मात्र व्हिसा हातात पडल्याशिवाय काढू नका.

माझे थोरले दीर नव्वदच्या दशकात ब्रीच कँडीला लिंकन हाऊसबाहेर पहाटेपासून रांगेत उभे राहिले होते. वांकानेरच्या महाराजांचा तो जुना वाडा, अमेरिकेची वकिलात तेव्हा तिथं होती. नोव्हेंबर २०११ मध्ये वकिलात वांद्रे-कुर्ला संकुलात आली. आता वेळ आधी ठरवून मिळते, तरी मुंबईच्या दोन फेऱ्या धराव्यात, एक बोटांच्या ठशांची आणि फोटोची, दुसरी मुलाखतीची. फोटोत चष्मा चालत नाही, हा नियम २०१६ च्या नोव्हेंबरपासूनचा. २०२५ च्या सप्टेंबरपासून ७९ वर्षांवरच्यांची मुलाखतीची सवलतही जवळजवळ संपली, त्यामुळं घरात खूप वयस्कर कुणी असेल तर प्रवासाचं आधीच बघा. नियम असे बदलत राहतात. शेजाऱ्याच्या तीन वर्षांपूर्वीच्या अनुभवावर विसंबू नका, वकिलातीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर वाचा.

आक्कांबरोबर मी मुंबईला गेले. रात्रीच्या गाडीनं निघून सकाळी पोचलो. ठसे द्यायच्या वेळी अडचण आली. खुरपं धरून धरून त्यांच्या बोटांच्या रेघा झिजल्यात. तिथल्या मुलीनं न कंटाळता हात पुसायला लावले, पुन्हा बोटं ठेवायला लावली, आणि चौथ्यांदा ठसे उमटले. दुसऱ्या दिवशी मुलाखत. मोबाइल, पिशवी आत नेता येत नाही, म्हणून ते सगळं घेऊन मी बाहेर रस्त्यावर थांबले. मराठीतून उत्तरं देण्याची सोय आहे, हे मी आक्कांना आधीच सांगून ठेवलं होतं आणि इंग्रजीचा एकही शब्द पाठ करून घेतला नव्हता.

आत काय झालं ते त्यांनीच सांगितलं. कुणाकडं चाललात? लेकीकडं, बाळंतपणाला. लेक काय करते? कंपूटरचं काम. इथं कोण आहे? थोरला ल्योक, सून, दोन म्हशी. परत कधी येणार?

आक्का म्हणाल्या, "कारखाना सुरू व्हायच्या आत. ऊस तोडायला आलाय माजा."

मराठी जाणणाऱ्या बाईंनी ते इंग्रजीत सांगितलं. अधिकाऱ्यानं किती एकर, असं विचारलं. अडीच. त्यानं पासपोर्ट ठेवून घेतला. पासपोर्ट ठेवून घेतला म्हणजे साधारणपणे काम झालं, हे मी शिकवून ठेवलेलं, त्यामुळं त्या दारातून बाहेर पडल्या त्या हसतच.

व्हिसा दहा वर्षांचा आला. इथं फार लोक फसतात. दहा वर्षांचा व्हिसा म्हणजे दहा वर्षं राहायची परवानगी नव्हे, त्या मुदतीत कितीदाही विमानतळापर्यंत जाता येतं एवढाच त्याचा अर्थ. आत घ्यायचं की नाही आणि किती दिवस, हे तिथला सीमा अधिकारी ठरवतो. व्हिसा असूनही तो परत पाठवू शकतो. त्यानं दिलेली मुदत आय-९४ नावाच्या नोंदीत असते. विमानानं जाणाऱ्यांची ही नोंद २०१३ पासून कागदावर नसून संगणकावर असते आणि पासपोर्ट क्रमांक टाकून पाहता येते. पाहुण्यांना बहुधा सहा महिने मिळतात. ती तारीख ओलांडली की दहा वर्षांचा व्हिसा तिथंच रद्द. त्या तारखेनंतर १८० दिवसांहून जास्त राहिलं तर परतल्यावर तीन वर्षं बंदी, वर्षभर किंवा त्याहून जास्त राहिलं तर दहा वर्षं. खरंच अडचण आली, तर तारीख उलटायच्या आधी मुदतवाढीचा अर्ज करता येतो.

आक्कांच्या पर्समध्ये मी एक कागद ठेवला. लेकीचा पत्ता, फोन आणि परतीच्या तिकिटाची तारीख, इंग्रजीत. अडलं तर तो दाखवायचा.

बॅग मात्र मी पुन्हा उपसली. मेतकूट, डिंकाचे लाडू, चटण्या, मसाला ठीक. खाली ओल्या फडक्यात कढीपत्ता निघाला. तो काढला. कढीपत्ता लिंबू-संत्र्याच्या कुळातला. त्यावर एक बारीक कीड बसते, आणि ती संत्र्याच्या झाडांना पोखरणारा ग्रीनिंग रोग पसरवते. फ्लोरिडातल्या बागांचं त्यानं अतोनात नुकसान केलंय, म्हणून ताजा कढीपत्ता न्यायला तिथं बंदी आहे. बाकीच्या खाण्याच्या वस्तू आहेत हे तिथं आपण होऊन सांगायचं. न सांगता सापडलं तर दंड होतो. प्रत्येक देशाचं हे वेगळं असतं. दुबईला जाणाऱ्यांना मी खसखस काढायला लावते, कारण तिथं ती अमली पदार्थांत मोडते आणि प्रकरण तुरुंगापर्यंत जाऊ शकतं.

३ जून २०२४ ला आक्का नेवार्कला उतरल्या. लेकीनं त्याच रात्री आय-९४ काढून मला पाठवलं, मुदत २ डिसेंबर. मुलगी झाली. लेक म्हणत होती, आई, नोव्हेंबर अखेरपर्यंत राहा. आक्का सप्टेंबरच्या शेवटी परतल्या.

आल्यावर चार दिवसांनी पासपोर्ट नीट ठेवायला म्हणून माझ्याकडं आल्या. बाळाचे फोटो दाखवले, चहा झाला. उठता उठता म्हणाल्या, "ताई, त्या अर्जाचा कागद हाय का गं तुझ्याकडं? माज्या पहिल्या नावाचा?"

मी तेवढं पान छापून दिलं. त्यांनी ते हातात घेतलं, अक्षरं इंग्रजी होती म्हणून कुठल्या ओळीत आहे ते मला बोट ठेवून दाखवायला लावलं, आणि घडी घालून पासपोर्टात ठेवलं.