थकलेले लक्ष आणि झाडांची वाट

तेच पान पुन्हा पुन्हा वाचूनही डोक्यात शिरत नाही, असे तुमचे कधी झाले असेलच. यावर एक प्रयोग पाहा. तो अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात झाला व २००८ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना आकडे ऐकवून उलट क्रमाने म्हणावयास सांगितले. नंतर सुमारे ५० मिनिटे चालावयास धाडले. एका आठवड्यात वृक्षोद्यानात, दुसऱ्यात गजबजलेल्या रस्त्यांवर. परतल्यावर पुन्हा तीच परीक्षा! उद्यानातून आल्यावर गुण स्पष्टपणे वाढले. रस्त्यावरून आल्यावर तसे झाले नाही.

असे का? रस्त्यावर वाहने चुकवताना लक्ष सतत राबते. पानांची सळसळ मात्र त्याला हळूच वेधते. म्हणून ते विसावते, असे संशोधकांचे मत आहे.

तेव्हा पान अडले, तर स्वतःला ‘ढ’ म्हणू नका. झाडांखालून फिरून या, मग पुन्हा वाचा.