जुनं ओबीएम घ्यावं का? आमच्या शेडमधला पूर्ण हिशेब

मंडळी, पावसाळा तोंडावर आला की जुन्या इंजिनांचा बाजार सुरू होतो. कुणाच्या तरी पडवीत दोन वर्षं ताडपत्रीखाली पडलेलं ओबीएम बाहेर निघतं, वरचं कव्हर पुसून चकचकीत होतं आणि मालक सांगतो, ‘चालूच होतं हो, जरा सर्व्हिसिंग केलंत की झालं.’

मागणी असण्याला कारण आहे. गोव्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते. पण नोंदणी केलेल्या, १० एचपीपर्यंतचं ओबीएम लावलेल्या आणि काटाळी जाळी मारणाऱ्या होडीला त्यातून सवलत मिळत आली आहे. म्हणून ९.९ एचपीचं इंजिन म्हटलं की सगळ्यांचे कान टवकारतात. (सवलतीच्या अटी दर वर्षीच्या अधिसूचनेत वाचून घ्या, ऐकीव माहितीवर जाऊ नका.)

गेल्या हंगामात आपल्या एका सभासदाने असंच एक इंजिन हेरलं. दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक, ९.९ एचपी, पूर्ण बंद. त्याचं स्वतःचं इंजिन संपलं होतं आणि स्वतःची होडी किनाऱ्यावर ठेवून तो दुसऱ्याच्या होडीवर वाट्याने जात होता. मालक २८ हजार मागत होता. आमच्या माणसाने स्पष्ट सांगितलं, ‘दुरुस्तीला माझ्याकडे ८ हजार आहेत. त्यापुढचा पैसा मुलीच्या फीचा, त्याला हात लावणार नाही.’ हा आकडा डोळ्यांसमोर ठेवूनच आम्ही कामाला लागलो.

पैसे मोजण्याआधी

आधी कागद. इंजिनावरचा नंबर बिलाशी जुळतो का, ते पाहिलं. सबसिडीवर घेतलेलं इंजिन असेल तर ते विकायला अट असू शकते. त्यामुळे नंबर घेऊन मत्स्योद्योग खात्यात विचारलेलं बरं. नंबर खरवडलेला दिसला तर स्वस्त-महाग न बघता परत फिरायचं.

मग इंजिन हाताने फिरवून पाहिलं. दोरी हळू ओढली तर फ्लायव्हील फिरलं, म्हणजे आत गच्च बसलेलं नव्हतं. दोन्ही प्लग काढले, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवला आणि कॉम्प्रेशन गेज लावून दोरी जोरात ओढली. एका सिलिंडरला ११० पीएसआय, दुसऱ्याला १०५. नुसता आकडा बघायचा नाही, दोन्हींतला फरक बघायचा. तो १० टक्क्यांच्या आत असला तर रिंगा आणि पिस्टन बहुतेक ठीक असतात. एक ११० आणि दुसरा ६० आला असता तर इंजिन उघडावं लागलं असतं आणि ८ हजारांत ते बसलं नसतं.

शेवटी खालच्या गिअरबॉक्सचा तळाचा स्क्रू सैल करून थोडं तेल काढलं. ते दुधाच्या चहासारखं आलं. म्हणजे सील गेलं आणि आत पाणी शिरलं. पण तेलात लोखंडाचे तुकडे नव्हते, गिअर पुढे-मागे नीट पडत होता. हा दोष मालकाला दाखवला आणि सौदा २२ हजारांवर आला. या तपासणीने पाच मिनिटांत सहा हजार वाचवले म्हणा ना!

‘सीडीआय गेलाय’

इंजिनाला स्पार्क नव्हता. मालकाचं म्हणणं, सीडीआय गेलाय. नवा सीडीआय घ्यायचा तर सगळं बजेट तिथेच संपलं असतं.

अशा वेळी महागाचा भाग सगळ्यांत शेवटी बदलायचा. आधी लाल दोरीची सेफ्टी क्लिप बघायची. ती जागेवर नसेल तर चांगलं इंजिनसुद्धा स्पार्क देत नाही. क्लिप होती. मग इंजिन बंद करायच्या स्विचची वायर सीडीआयपासून तात्पुरती सोडवली आणि दोरी ओढली. दोन्ही प्लगांवर निळा, टणटणीत स्पार्क! स्विचमध्ये खारं पाणी जाऊन तो आतल्या आत अर्थ होत होता. म्हणजे इंजिनाला सतत ‘बंद हो’ असाच हुकूम जात होता.

काही जण ही वायर तशीच सोडून इंजिन चालवतात. तसं करू नका. माणूस पाण्यात पडला तर फिरणारा पंखा थांबवणारी तेवढी एकच गोष्ट असते. आम्ही नवा स्विच बसवला. (आणि स्पार्क बघताना प्लग इंजिनाच्या लोखंडाला टेकवा, जवळ पेट्रोल ठेवू नका.)

पेट्रोलची बाजू

टाकीतल्या जुन्या पेट्रोलला व्हार्निशसारखा वास येत होता. ते वापरलं नाही. कार्बोरेटर उघडला तर तळाला पिवळा चिकट थर, मुख्य जेट बंद. जेटमध्ये तार घालायची नाही, भोक मोठं झालं की मिश्रण कायमचं बिघडतं. कार्ब क्लीनरमध्ये भिजवून हवेच्या दाबाने साफ केलं, गॅस्केट आणि फ्लोटची सुई किटमधली नवी घातली.

पाइप आणि हाताने दाबायचा बल्ब दोन्ही बदलले. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुनं रबर त्याने फुगतं, सुटतं. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं, म्हणून टाकीत महिनोन्महिने पेट्रोल साठवायचं नाही.

ऑइल टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलंच घ्यायचं. ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं. मोटरसायकलचं टू-टी स्वस्त पडतं, पण काम वेगळं. या इंजिनाला प्रमाण ५०:१, म्हणजे १ लिटरला २० मिली आणि १० लिटरला २०० मिली. मापाची बाटली ठेवा, ‘अंदाजे’ नको.

पाण्याची बाजू

ओबीएम बहुतेक वेळा मरतं ते तापून. खालचा भाग उतरवला तर पंपाच्या इम्पेलरची रबरी पाती एका बाजूला वाकून तशीच कडक झाली होती. थर्मोस्टॅट मिठाने जाम होता. गरम पाण्यात टाकला तरी उघडला नाही. दोन्ही नवे घातले आणि पाण्याच्या वाटा साफ केल्या.

खालचा भाग काढताना खारीने खाल्लेला एक बोल्ट तुटला. अशा बोल्टांवर आदल्या दिवशीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवावं लागतं, तरी एखादा जातोच. लेथवाल्याने तो ड्रिल करून काढला. परत बसवताना सगळ्या बोल्टांना मरीन ग्रीस लावलं.

गिअरबॉक्सची सीलं बदलली आणि नवं तेल खालच्या भोकातून वर चढवलं. वरच्या भोकातून तेल येईपर्यंत भरायचं, आधी वरचा स्क्रू लावायचा, मग खालचा. वरून ओतलं तर हवा अडकते आणि तेल कमी बसतं.

खर्च

स्विच ७००
प्लग दोन ३००
कार्बोरेटर किट ९००
पाइप आणि बल्ब १,४५०
इम्पेलर किट १,१००
थर्मोस्टॅट, गॅस्केटसह ७००
सील आणि गिअर ऑइल ९५०
अॅनोड ४५०
दोरी १५०
लेथ ६००
एकूण ७,३००

८ हजारांतले ७०० उरले. त्यात दोन जादा प्लग, प्रोपेलरच्या कॉटर पिना आणि प्लग पाना आला. हे तिन्ही आता होडीतच असतात. मजुरी यात नाही, ती शेडमधल्यांनी संध्याकाळी बसून दिली. भाव आम्ही दिले ते लिहिलेत, तुमच्याकडे थोडे इकडे-तिकडे होतील.

पिंपात आणि मग पाण्यात

पहिली ट्रायल गोड्या पाण्याच्या पिंपात. पंखा काढून ठेवला आणि पाण्याची पातळी पंखावरच्या आडव्या पट्टीच्या वर ठेवली. इंजिन कोरडं चालवायचं नाही, काही सेकंदांत नवा इम्पेलर जळतो. चौथ्या ओढीला इंजिन लागलं, आधी भरपूर धूर, मग आवाज बसला. मागून पाण्याची धार आली तेव्हा सगळ्यांच्या जिवात जीव आला. धार बारीक झाली किंवा थांबली तर लगेच बंद करायचं. वीस मिनिटं चालवलं आणि लाल दोरी ओढली, इंजिन जागच्या जागी बंद.

मग नदीत, भरतीला, सोबत दुसरी होडी घेऊन. दोन दिवस आतच चालवलं. जुन्या इंजिनाची पहिली परीक्षा नदीच्या तोंडावर घ्यायची नसते. शापोऱ्यासारख्या ठिकाणी वाळूच्या पट्ट्यावर लाट उभी राहते, तिथे इंजिनाने दगा दिला तर होडी आडवी व्हायला वेळ लागत नाही.

जगवायचं कसं

खाऱ्या पाण्यातून आलं की १० ते १५ मिनिटं गोड्या पाण्यात चालवा. चार-आठ दिवस ठेवायचं असेल तर पाइप काढून कार्बोरेटरमधलं पेट्रोल जळू द्या. अॅनोडला रंग मारू नका. तो खारीने झिजण्यासाठीच असतो, रंग मारलात की खार इंजिनाला खाते. इम्पेलर दर हंगामाआधी उघडून बघा.

आणि कुठलं इंजिन सोडून द्यायचं? फ्लायव्हील फिरतच नाही, दोन सिलिंडरांच्या कॉम्प्रेशनमध्ये मोठा फरक, गिअर ऑइलमध्ये लोखंडाचे तुकडे, ब्लॉकला तडा, किंवा नंबर नाही. यातलं एक जरी दिसलं तरी ते फुकटात मिळालं तरी महाग.

आपला सभासद पुन्हा स्वतःच्या होडीवर जातो. इंजिन चांगलं चालतंय, तरी वल्ही आणि लाइफ जॅकेट त्याने होडीतून उतरवलेली नाहीत. तुम्हीही उतरवू नका.

कॉम्प्रेशन गेज संस्थेच्या शेडमध्ये आहे. जुनं इंजिन बघायला जाणार असाल तर वहीत नाव लिहून घेऊन जा. फक्त एक करा, पैसे दिल्यावर नव्हे, देण्याआधी या.