पाहुण्यांच्या गढीला जायचे आहे

गेली काही वर्षे आमच्या वसाहतीतील चार कुटुंबे दर महिन्याला थोडे थोडे पैसे बाजूला टाकतात. त्या पैशातून बुद्धगया झाली, सांची झाली, अजिंठा तर दोनदा झाला. यंदाच्या बैठकीत एका मुलीने चीनमधील मातीच्या गोल घरांचे चित्र पुढे ठेवले आणि दोन तट पडले. "मातीची घरं बघायला चीनला? मातीच्या घरातच जन्म गेला की आमचा!" असे आमच्यातल्या वडीलधाऱ्या मावशी म्हणाल्या. त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. पैसा घामाचा आहे. म्हणून आम्ही आधी माहिती जमवली आणि मग बेत ठरवला. तो वाचकांपुढे ठेवत आहोत.

हे हक्का कोण?

'हक्का नूडल्स' ही पाटी आपण चायनीजच्या गाडीवर रोज वाचतो. हक्का हा पदार्थ नव्हे, तो एक समाज आहे. या शब्दाचा अर्थ 'पाहुणी कुटुंबे'. लढाया आणि उपासमार यांमुळे हे लोक शतकानुशतके उत्तर चीनमधून दक्षिणेकडे सरकत आले. सखल, सुपीक जमीन आधीच्या लोकांच्या हाती होती. यांच्या वाट्याला डोंगर आले. पिढ्या सरल्या तरी नाव पाहुण्यांचेच राहिले. ग्वांगदोंग प्रांतात तर १८५५ ते १८६७ या काळात मूळचे आणि पाहुणे यांच्यात मोठा रक्तपात झाला.

एक गोष्ट आमच्या घरातील बायकांना फार आवडली. त्या काळी चीनमध्ये मुलींचे पाय लहानपणीच बांधून खुंटवण्याची क्रूर चाल होती. हक्का समाजाने ती पाळली नाही. त्यांच्या बायका शेतात राबत, ओझी वाहत. त्यांना पाय हवे होते.

एका छपराखाली सारे भाऊबंद

फूच्येन प्रांतातील या घरांना 'तुलौ' म्हणजे मातीची इमारत म्हणतात. चिकणमाती, वाळू, चुना एकत्र करून, मध्ये बांबूच्या कामट्या घालून, धुमसाने चोपून भिंत उभी करायची. तळाशी ती मीटर-दीड मीटर जाड असते. खालच्या मजल्यांना बाहेरून खिडकी नाही. दरवाजा एकच, जाड लाकडाचा, बाहेरून लोखंडी पत्रा ठोकलेला. शत्रूने आग लावली तर वरून पाणी सोडण्याची सोयही काही घरांत केलेली आहे.

आत मात्र चित्र वेगळे. मध्ये मोकळे अंगण, विहीर, पूर्वजांचे दालन आणि भोवती सारख्या मापाच्या खोल्या. प्रत्येक कुटुंबाला खालपासून वरपर्यंत एक उभी पट्टी मिळते. तळाला स्वयंपाकघर, त्यावर धान्याची कोठी, वर निजायच्या खोल्या. मोठ्या भावाची खोली मोठी, धाकट्याची लहान असे नाही. योंगदिंग भागातील चेंगछी लौ ही गढी १७०९ साली पुरी झाली. तिच्यात एकात एक अशी चार वर्तुळे आहेत. बाहेरचे वर्तुळ चार मजली असून प्रत्येक मजल्यावर ७२ खोल्या आहेत.

चाळीत वाढलेल्या माणसाला ही रचना समजावून सांगावी लागत नाही. सामाईक गॅलरी, सामाईक अंगण, एकाच्या घरचे दुःख सगळ्यांना ठाऊक. पण खरे तेही सांगितले पाहिजे. ही बरोबरी एका कुळापुरती होती. वाटणी मुलग्यांची, लेक लग्न करून बाहेर. बाहेरच्याला दार बंद. भिंतीच्या आत सारखेपणा होता आणि बाहेर भीती होती, म्हणूनच भिंत एवढी जाड. हे दोन्ही पाहायला आम्ही जाणार आहोत.

आमचा मार्ग

२०२० पासून बंद पडलेली भारत-चीन थेट विमानसेवा ऑक्टोबर २०२५ मध्ये कोलकाता-ग्वांगझू मार्गाने पुन्हा सुरू झाली. म्हणून आम्ही कोलकात्याहून निघणार आणि आधी एक दिवस तिथल्या टांगरा भागात काढणार. तिथे हक्का लोकांनी कातडी कमावण्याचा धंदा उभा केला. ज्या कामाला सवर्ण समाज विटाळ मानत होता, त्यावर त्यांनी संसार उभे केले. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानंतर टॅनऱ्या शहराबाहेर हलवाव्या लागल्या. आज टांगरा ओळखला जातो तो तिथल्या चिनी खाणावळींमुळे.

ग्वांगझूहून आगगाडीने श्यामेन हे बंदराचे शहर. तिथे डोंगराच्या पायथ्याशी नानपुतुओ हे जुने बुद्धविहार आहे. एक सकाळ तिथे. मग आगगाडीने तासाभरात नानजिंग. इथे सावध राहावे! याच उच्चाराचे एक मोठे शहर शेकडो किलोमीटर दूर आहे. तिकीट काढताना नाव चिनी लिपीत लिहून न्यावे, नाहीतर भलत्याच गावी उतराल.

नानजिंग तालुक्यातील थ्येनलुओखंग येथे एक चौकोनी आणि भोवती चार गोल-लंबगोल गढ्या डोंगरउतारावर बसल्या आहेत. लोक त्यांना गमतीने 'चार भाज्या आणि एक सूप' म्हणतात. मधली गढी १७९६ साली बांधली, १९३६ साली जळाली आणि १९५३ साली लोकांनी पुन्हा उभी केली. पुढे योंगदिंगला चेंगछी लौ. अशा ४६ इमारती २००८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या.

शेवटचे दोन दिवस ल्येनछेंग तालुक्यातील ग्वानझाई डोंगराला. हाही हक्का मुलूख. तांबड्या वालुकाश्माचे उभे कडे आणि पायथ्याशी तळे. जुन्या काळच्या न्यायाधीशाच्या टोपीसारखा आकार म्हणून डोंगराला हे नाव पडले. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी पायऱ्या चढण्याचा हट्ट न धरता तळ्यात नावेतून फिरावे, असे ठरले आहे.

काही व्यवहाराच्या गोष्टी

उन्हाळ्यात तिकडे पाऊस आणि वादळे असतात. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात चिनी लोकांची मोठी सुट्टी, म्हणून तोबा गर्दी. आम्ही दीक्षाभूमी करून नोव्हेंबरात निघू आणि सहा डिसेंबरच्या आत परतू. रोख पैसा तिथे फार चालत नाही. मोबाईलवरून पैसे देण्याची सोय निघण्याआधीच करून घ्यावी. आपले नेहमीचे गुगलचे नकाशेही तिथे चालत नाहीत. आणि गढीत आजही माणसे राहतात. तरुण शहरात गेले, म्हातारी मंडळी मागे आहेत. वरच्या मजल्यावर विचारल्याशिवाय जाऊ नये, कुणाच्या चुलीचा फोटो न विचारता काढू नये.

हे सगळे मावशींनी शांतपणे ऐकले आणि एकच विचारले, "संडास कुठं आहे?" जुन्या गढ्यांत तो बाहेर असतो. रात्री म्हाताऱ्या माणसांचे हाल नकोत, म्हणून मुक्काम गढीत न करता जवळच्या लॉजवर करायचा ठरले.

आता मावशींचा पासपोर्ट व्हायचा आहे. शाळेत गेल्याच नाहीत, म्हणून दाखला नाही. पॅनकार्डावरची जन्मतारीख चालते असे कळल्यावर अर्ज भरला. जी कुटुंबे असा बेत करतील त्यांना आमचे सांगणे एवढेच: आधी घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाची कागदपत्रे काढा. बाकीचे सगळे नंतर.