आयर्विनला किती फूट?

पावसाळ्यात सांगलीत भाजीवालीपासून प्राध्यापकापर्यंत सगळे एकच प्रश्न विचारतात, ‘आयर्विनला किती फूट?’ १९२९ साली खुल्या झालेल्या या पुलाजवळ कृष्णेची पातळी मोजतात. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, २०१९ मध्ये ५७ फुटांच्या वर. मी कवितेत कृष्णेला माय म्हणत आलो आहे. पण धान्याची पोती माळ्यावर चढवायची की घरच सोडायचं, हे ठरवताना कविता कामाला येत नाही, आकडे येतात. ते कसे वाचायचे, एवढंच आज बोलू.

फूट ही पाण्याची उंची. क्युसेक म्हणजे एका सेकंदाला किती घनफूट पाणी वाहतं ते. आणि एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. एक लाख क्युसेकचा प्रवाह चोवीस तास चालला, तर ८.६४ टीएमसी पाणी पुढे सरकतं. कोयना धरणाची क्षमता आहे १०५ टीएमसी. म्हणजे धरणात जागा करायची तर हिशेब दिवसांचा असतो, तासांचा नव्हे.

आता नदीची चाल बघा. जुन्या महाबळेश्वरला सुमारे १,३०० मीटर उंचीवर ती उगम पावते आणि वाईला येईपर्यंतच सहाशे मीटर खाली उतरते. पुढे वाई ते सांगली या शंभराहून जास्त किलोमीटरच्या वाटेत मात्र ती दोनशे मीटरही उतरत नाही. घाटात धावणारं पाणी इथे रेंगाळतं, पसरतं. वाटेत माहुलीला वेण्णा मिळते, कराडला कोयना, सांगलीजवळ हरिपूरला वारणा. कृष्णा तुडुंब असली की वारणेच्या पाण्याला वाट मिळत नाही, ते मागे फुगतं. खाली नरसोबावाडीला पंचगंगाही भरून आलेली असते. म्हणून धरणाचे दरवाजे खाली आले, तरी सांगलीचं पाणी लगेच ओसरत नाही.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे आभाळ. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, सांगलीत त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. कोयनेतून सुटलेलं पाणी सांगलीला पोचायला साधारण दिवस-दीड दिवस लागतो. तेव्हा अंगणात ऊन पडलेलं असतानाही पूर दारात येऊ शकतो. ऊन बघून माणूस म्हणतो, ‘थांबू थोडं.’ मग रस्ते बुडतात आणि उरते ती बोट. ऑगस्ट २०१९ मध्ये ब्रह्मनाळला पुरातून बाहेर पडणाऱ्या माणसांची बोट उलटली आणि बायकामुलांसह अनेक जीव गेले.

म्हणून नुसते फूट विचारू नका. घाटात काल किती पाऊस झाला, कोयनेतून आणि चांदोलीतून किती क्युसेक सोडलंय, आयर्विनला पाणी तासाला किती चढतंय, हेही विचारा. पुलावरचा आकडा आजचं पाणी सांगतो; उद्याचं पाणी घाटातून निघालेलं असतं. रस्ता कोरडा आहे तोवर म्हाताऱ्यांना, लेकरांना आणि जनावरांना उंचावर हलवा. पाणी नाहीच आलं, तर घरी परतायला तोच रस्ता आहे.