माजी सैनिकाच्या आजारपणात त्याचा कैवारी कोण?

पिंपळगाव रेणुकाई हे भोकरदन तालुक्यातले मिरचीच्या बाजाराचे गाव. हंगामात हिरव्या मिरचीने भरलेल्या गाड्या येथून दूरदूरच्या शहरांकडे जातात. असल्या गावांतून पलटणीत गेलेली माणसेही असतात. पंधरा-सतरा वर्षे सरहद्दीवर काढून, पेन्शन घेऊन ती परत येतात आणि वडिलोपार्जित शेतीला लागतात. प्रकृती धड आहे तोवर कोणाला काही विचारावे लागत नाही. पण एके रात्री छातीत कळ येते, आणि ज्याने हयातभर हुकूम पाळले त्या माणसाला शहरातल्या इस्पितळाच्या खिडकीशी काय बोलावे ते सुचत नाही.

अमेरिकेत माजी सैनिकांसाठी सरकारची स्वतंत्र इस्पितळे आहेत, आणि त्या प्रत्येक मोठ्या इस्पितळात ‘पेशंट ॲडव्होकेट’ नावाचा एक माणूस नेमलेला असतो. हा वकील नव्हे. रुग्णाचा कैवारी म्हणा. उपचार लांबला, कोणी उर्मटपणे बोलले, कागद हरवला, तर रुग्णाने त्याच्याकडे जावे; त्याने तक्रार नोंदवून घ्यावी, संबंधितांना विचारावे आणि उत्तर आणून द्यावे. तो इस्पितळाचाच पगारी नोकर असतो, हे त्यातले व्यंग खरे. आणि डॉक्टरांचा निर्णय फिरविण्याचा अधिकार त्याला नसतो. तरीपण दाद मागण्याची जागा एक आहे आणि तिच्या दारावर पाटी आहे, ही सोय लहान नव्हे.

आपल्याकडे तशी पाटी नाही. कैवाऱ्याचे काम आहे, पण ते तिघाचौघांत वाटले गेले आहे. म्हणून कोणाकडे कशासाठी जावयाचे हे आधी समजून घेतले पाहिजे.

माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना १ एप्रिल २००३ पासून सुरू झाली. आपले फौजी बंधू तिला ई.सी.एच.एस. म्हणतात. पेन्शनधारक सैनिकाने एकदा वर्गणी भरावयाची. १ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना आणि वीरपत्नींना तीही माफ. मग कार्ड मिळते. आजार झाल्यास योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये जावे. तेथील डॉक्टरांना जरूर वाटल्यास ते पॅनेलवरच्या रुग्णालयासाठी चिठ्ठी देतात, तिला रेफरल म्हणतात. ती चिठ्ठी आणि कार्ड दाखविल्यावर रुग्णालयाने पैसे मागावयाचे नाहीत. बिल योजनेकडे पाठवावयाचे. खोली हुद्द्याप्रमाणे ठरते; वरच्या दर्जाची मागितली तर फरक आपल्या खिशातून.

अपघात किंवा हृदयविकार चिठ्ठीची वाट पाहत नाही. अशा वेळी थेट पॅनेलवरच्या रुग्णालयात जाता येते. पॅनेलबाहेरचे रुग्णालयच जवळ असेल तर तेथेही दाखल व्हावे. मात्र अठ्ठेचाळीस तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळविले पाहिजे. बिल आधी स्वतः भरावे लागते, आणि मंजूर दराने परतफेड मिळते. घाबरलेले घर नेमके हे कळविणेच विसरते. ज्याच्या घरी माजी सैनिक आहे त्याने पॉलिक्लिनिकचा नंबर भिंतीवर लिहून ठेवावा, असे आम्ही सुचवू.

पॅनेलवरच्या रुग्णालयाने आगाऊ रक्कम मागितली तर? भांडू नये, पण निमूटपणे भरूही नये. मागणी लेखी द्या म्हणावे, आणि पॉलिक्लिनिकच्या प्रभारी अधिकाऱ्याला तेथूनच फोन करावा. हा अधिकारी बहुधा स्वतः फौजेतून निवृत्त झालेला असतो. त्याच्याकडून काम न झाल्यास वर स्टेशन मुख्यालय आहे, त्यावर प्रादेशिक केंद्र आहे. तक्रारीत तारीख, कार्डाचा नंबर आणि कोण काय म्हणाले एवढे असले म्हणजे पुरे. आपण कोणत्या लढाईत होतो हे त्यात लिहिण्याची गरज नाही. मेहेरबानीची याचना म्हणून लिहिलेला अर्ज बाजूला पडतो, हक्काचा अर्ज नोंदवावा लागतो.

सर्वांत मोठी अडचण मात्र इस्पितळात नसून जुन्या पेटीतल्या डिस्चार्ज बुकात असते. भरती होताना पत्नीचे नाव एक सांगितले, लग्नात दुसरे ठेवले. आधार कार्डावर तिसरेच. जन्मतारीख कोणी अंदाजाने घातली. आपल्या भागात त्यात आणखी एक भर आहे. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला. त्यापूर्वी भोकरदन तालुका औरंगाबाद जिल्ह्यात होता, आणि २०२३ साली त्या जिल्ह्याचेही नाव बदलून छत्रपती संभाजीनगर झाले. १९७०च्या सुमारास भरती झालेल्या शिपायाच्या कागदावर एक जिल्हा, आजच्या ओळखपत्रावर दुसरा. नवरा आहे तोवर हे चालून जाते. तो गेल्यावर विधवेला कुटुंब पेन्शन आणि तिच्या नावचे कार्ड हवे असते, आणि त्या घटकेला बाईचे नाव जुळत नाही. औषधोपचार तेथेच अडतो.

ही दुरुस्ती रेकॉर्ड ऑफिसकडून होते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगावात, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला. पिंपळगावच्या म्हातारीने सागरला जावे काय? त्यासाठीच जालन्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली, परतलेल्या शिपायांसाठी जे सैनिक मंडळ निघाले त्याच परंपरेतले हे कार्यालय. तेथील ‘कल्याण संघटक’ हा स्वतः माजी सैनिक असतो. अर्ज कसा लिहावा, कोणते प्रतिज्ञापत्र जोडावे हे तो सांगतो आणि प्रकरण पुढे पाठवितो. अमेरिकेतल्या त्या कैवाऱ्याला सर्वांत जवळचा माणूस आमच्या मते हाच.

पेन्शन न मिळता घरी आलेल्या जवानांना ही योजना सामान्यतः लागू नाही. त्यांच्यापैकी हवालदार हुद्द्यापर्यंतच्यांना केंद्रीय सैनिक मंडळाकडून उपचारासाठी मदत मागता येते. तो अर्जही याच कार्यालयातून जातो. जाताना डिस्चार्ज बुक आणि इस्पितळाची मूळ बिले बरोबर न्यावीत, आणि प्रत्येक कागदाची एक प्रत घरी ठेवावी.