भिजलेली सायकल

मृगाची सर अंगावर घेऊन घरी आले म्हणजे आपण आधी डोके पुसतो, चहा मागतो. सायकल ओसरीला टेकवलेली, तशीच निथळत राहते. सकाळी चेनवर तांबूस थर दिसतो आणि मग पावसाला बोल लावतो.

दांडीच्या ब्रेकची जुनी काळी सायकल मोठी दणकट. पण तिला पाणी मानवत नाही. घरी येताच जुन्या लुगड्याच्या फडक्याने ती पुसून घ्यावी. चिखल ओला असतानाच तांब्याने पाणी ओतून काढावा; मोटारीच्या पाइपची धार मात्र हबवर मारू नये. त्या जोराने पाणी छर्‍यांपर्यंत शिरते आणि ग्रीस वाया जाते.

चेनला तेल घालायचे ते ती वाळल्यावरच. ओल्या चेनवर तेल घातले तर पाणी आतच कोंडते. पॅडल उलटे फिरवीत प्रत्येक कडीवर शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडावा व वरचे तेल पुसून टाकावे. खोबरेल थंडीत थिजते, गोडे तेल चिकटून बसते. इंजिनाचे जळके तेल पुष्कळजण ओततात, पण त्यात लोखंडाचा बारीक कीस असतो. चेन झिजली का हे पट्टीने कळते: चोवीस कड्या बरोबर 12 इंच भरायला हव्यात. त्या 12 इंच 1 सूत भरल्या की चेन बदलावी.

सीटच्या नळीवाटे पाणी खाली पॅडलच्या अ‍ॅक्सलपाशी उतरते. तिथे करकर ऐकू आली, किंवा ओढ्यातून येताना हब बुडाले असतील, तर खोलण्यावाचून इलाज नाही. छर्रे मोजून वाटीत ठेवावेत, डिझेलने धुवावेत. एखादा जरी खडबडीत लागला तरी त्या बाजूचे सगळेच नवे घालावेत. कातडी सीट मात्र सावलीत वाळवावी, चुलीजवळ नेऊ नये.

आता ब्रेकचे. 1983 च्या श्रावणात मी डेअरीला दूध घेऊन निघालो होतो. मोरीच्या उतारावर दोन्ही ब्रेक दाबले, पण सायकल थांबेच ना! शेवटी बांधावर घातली. बारा लिटर दूध मातीत गेले आणि मनगट महिनाभर बांधून ठेवावे लागले. ब्रेकचे रबर चांगले होते. रिम ओली होती, एवढेच. पोलादी रिम भिजली की रबर तिच्यावरून नुसते घसरते. तेव्हापासून पावसात उताराच्या आधीच ब्रेक हलका दाबून धरतो. चाकाच्या बऱ्याच फेर्‍यांत रिमवरचे पाणी पुसले जाते, मग पकड येते. तेलाचे बोट रिमला लागले असेल तर ते साबणाने धुवावे. रबर गुळगुळीत झाले असेल तर पॉलिश पेपरने घासावे, आणि झिजून धातू दिसू लागला असेल तर त्या सायकलवर मुलांना शाळेला धाडू नये.