नवी आवृत्ती आली? आधी 'वऱ्हाड' टाइप करा

यवतमाळकर मंडळी, लिब्रेऑफिसची मोठी आवृत्ती वर्षातून दोनदा येते, फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये. आली की मी आधी 'वऱ्हाड' टाइप करून पाहतो. ऱ्ह नीट जुळला, 'दऱ्या'ही शाबूत राहिल्या, की मगच पुढचं. एखाद्या फॉन्टमध्ये जोडाक्षर तुटलंच, तर ग्रुपवर 'बेकार सॉफ्टवेअर' लिहून काय उपयोग? चुका नोंदवायच्या बगझिला या साइटवर आवृत्ती, फॉन्टचं नाव आणि स्क्रीनशॉट टाका. दुरुस्ती करणारे बरेच जण देवनागरी वाचत नाहीत, चूक आपणच दाखवायला हवी. आणि कुणी नवख्याने प्रश्न विचारला तर 'गूगल कर' म्हणून त्याला हाकलू नका, कळकळीची विनंती! दारव्हा-पुसदकडे जुनी मशीन वापरणाऱ्यांनो, लिब्रेऑफिस २५.८ पासून विंडोज ७ आणि ८ वर चालत नाही. लिनक्स टाकायचं असेल तर मी मदतीला आहे.